पुढची मॅच कधी?

लहरीपुरा दरवाजातून आत गेलं की मंगळ बाजार सुरू होतो. ओढण्या, बांगड्या, चपला, प्लास्टिकचे डबे आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या स्कूटर. दरवाजाच्या एका अंगाला न्यायमंदिराची देखणी इमारत, पलीकडे सूरसागर, आत सरळ चालत गेलं की मांडवी. या गर्दीत फुटबॉलचं नाव निघणं अवघड. बडोद्यात खेळ म्हटलं की क्रिकेट, आणि बुजुर्गांच्या तोंडी कुस्ती-मल्लखांब. तरीही या भागातल्या एका जुन्या घराच्या जिन्याखाली मातीने माखलेले स्टडवाले बूट ठेवलेले मला दिसले. ते बरेच दिवस कुणी घातलेले नव्हते. माती पार वाळून भेगाळली होती.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पराभव’ हा विषय दिला. निवडणुकीतल्या आणि धंद्यातल्या पराभवावर लिहिणारे पुष्कळ निघतील. मला पोरसवदा वयातला पराभव बघायचा होता. मोठा माणूस हरला की कारणं तयार ठेवतो, पंधराव्या वर्षी ती कला अंगात आलेली नसते.

बूट ज्याचे, तो शाळेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळतो. त्याचं नाव इथे देत नाही. घरात मराठी, गल्लीत गुजराती, मैदानावर हिंदी, असा बडोद्याचा अस्सल मुलगा. शालेय स्पर्धेतला सामना बरोबरीत होता. त्याने गोलकीपरकडे मागे दिलेला पास तोकडा पडला, समोरच्या फॉरवर्डने तो मधेच उचलला आणि गोल झाला. संघ तिथेच स्पर्धेतून बाहेर.

“काका, पाय आधीच जड झाले होते,” तो म्हणाला. “आणि गोल झाल्यावर वाटायला लागलं, आता बॉल माझ्याकडे येऊच नये.”

आजोबा आतून म्हणाले, “अरे, होतं असं. किती मनाला लावून घेशील?” त्यावर त्याने मान खाली घातली. वडील मात्र प्रामाणिक निघाले. मैदानावरून घरी येईपर्यंत बाइकवर मागे बसलेल्या मुलाला आपण प्रत्येक चूक समजावून सांगत होतो, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. “त्याच्या भल्यासाठीच ना?” असंही विचारलं. भल्यासाठीच, यात शंका नाही. पण हेल्मेट घातलेल्या माणसाच्या पाठीमागे बसून ते सगळं ऐकणाऱ्या मुलाला उत्तर देण्याचीही सोय नसते.

लपलेला खेळाडू

त्याच्या प्रशिक्षकांना, म्हणजे ‘सरां’ना, मैदानावर गाठलं. मला वाटलं होतं ते त्या पासबद्दल बोलतील. ते म्हणाले, “पास मी केव्हाच विसरलो. मला नंतरची वीस मिनिटं आठवतात.” मग त्यांनी चार शंकू मांडून मला ती वीस मिनिटं दाखवली.

गोलकीपरच्या हातात चेंडू आहे. स्टॉपरने दोन पावलं बाजूला सरकून मोकळं व्हायचं, म्हणजे त्याला पास देता येतो. हा मुलगा ती दोन पावलं टाकत नव्हता. समोरच्या फॉरवर्डच्या बरोबर मागे उभा राहत होता. प्रेक्षकांना वाटतं पोरगा आपल्या जागेवर आहे. प्रत्यक्षात तो प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला लपलेला असतो, कारण तिथे उभं राहिलं की आपलाच कीपर आपल्याला चेंडू देऊ शकत नाही. “कोण लपतोय, एवढंच मी बाहेरून बघत असतो,” सर म्हणाले.

बाकीच्या खुणाही त्यांनी सांगितल्या. घडीघडी पाणी मागणं. सुटली नसताना बुटाची लेस बांधायला बसणं. थ्रो-इन घ्यायला दुसऱ्यालाच पुढे करणं. चेंडू पायाशी आल्याबरोबर, कुठे जातोय न बघता तो उडवून लावणं. या शेवटच्याला घरचे लोक ‘जोरात मारला’ म्हणून टाळ्या देतात!

शरीराचं गणित सोपं आहे. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, स्नायू ताठरतात. पळून जायचं असेल तर हे सगळं उपयोगी आहे. चेंडू मऊपणे थांबवायचा असेल तर नाही. शिवाय नजर आखडते. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी मोठ्या खेळाडूंचं चित्रण बारकाईने तपासलं. चेंडू येण्याआधी चांगला मिडफिल्डर सारखी मान वळवून आजूबाजूला बघत असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. घाबरलेल्या मुलाची मान वळत नाही. त्याला फक्त चेंडू दिसतो, आणि चेंडूच्या मागून येणारा माणूस अंगावर आल्यावर कळतो.

दुसरी गंमत अमेरिकेतल्या सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. त्यांनी फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू न्यायला लावला आणि मधेच विचारलं, आत्ता चेंडूला पायाची कोणती बाजू लागली? मुरलेले खेळाडू या प्रश्नासरशी मंदावले. नवशिक्यांना मात्र त्याच प्रश्नाने मदत झाली. जी गोष्ट पायात बसली आहे तिच्यावर लक्ष ठेवायला गेलं की ती बिघडते. बाइकवरून घरी येताना “पाय असा वळवायचा, असा ठेवायचा” ही शिकवणी मुलाला पुढच्या सामन्यात नेमकी याच खड्ड्यात ढकलते.

शून्यावर चार

पराभवाचा दाखला बडोद्याच्या क्रिकेटमध्येही आहे. लहरीपुऱ्याच्या पोरांना इरफान-युसूफ आणि हार्दिक-कृणाल ठाऊक असतात. दत्ताजीराव गायकवाडांची गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. जून 1952, लीड्सचं हेडिंग्ले मैदान. बडोद्याचा हा तेवीस वर्षांचा मुलगा आयुष्यातली पहिली कसोटी खेळत होता, तीही सलामीला. पहिल्या डावात 9. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन आणि अ‍ॅलेक बेडसर यांच्यापुढे पंकज रॉय, गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे चौघे शून्यावर बाद झाले, आणि धावफलकावर भारताची एकही धाव नव्हती. शून्यावर चार! कसोटीच्या इतिहासात इतकी वाईट सुरुवात त्याआधी झाली नव्हती.

त्यातले मांजरेकर अवघे वीस वर्षांचे. त्यांनीच पहिल्या डावात 133 काढल्या होत्या. तीच खेळपट्टी, तोच माणूस, तीच बॅट. शतकाने आलेला आत्मविश्वास शून्य टाळायला पुरत नाही, आणि शून्याने शतक पुसलं जात नाही. हे कळायला त्या सामन्याइतकं चांगलं पुस्तक सापडणार नाही.

त्या पडझडीत कर्णधार विजय हजारे उभे राहिले. जन्म सांगलीचा, पण माणूस बडोद्याचाच. त्यांनी 56 केल्या आणि कोल्हापूरला जन्मलेल्या दत्तू फडकरांनी 64. दोघांची भागी 105 धावांची. सामना भारत हरलाच. गायकवाड त्या दौऱ्यात पुन्हा कसोटी खेळले नाहीत. पण त्यांच्या मागे बडोद्याचं क्रिकेट होतं, रणजीचे सामने होते, बॅट हातात धरायला ठिकाण होतं. 1957-58 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली बडोद्याने सर्व्हिसेसला हरवून रणजी करंडक जिंकला आणि 1959 मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार म्हणून गेले. तो दौराही भारत 5-0 असा हरला, हे सांगून टाकतो. उगाच गोड शेवट कशाला. फेब्रुवारी 2024 मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, बडोद्यातच त्यांचं निधन झालं.

कोल्हापूरचा अनिकेत

फुटबॉलचंच उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरला जायला हवं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ आहेत. लाल मातीतल्या तालमींनीच फुटबॉल उचलला. हंगामात शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्षा अशी पेटते की सामना कुठला आणि भांडण कुठलं हे बाहेरच्याला कळत नाही. गोल हुकवणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर असतं. दडपण काय असतं ते तिथल्या पोराला शिकवावं लागत नाही.

त्याच शहरातला, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीमार्गे 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी भारताच्या संघात पोचला. विश्वचषक भारतातच, सामने दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर. आजवर ज्यांचे सामने शे-दोनशे लोक बघत होते, त्या पोरांना राष्ट्रगीत म्हणताना अख्खा देश टीव्हीवर बघणार होता. 6 ऑक्टोबरला अमेरिकेकडून 0-3. तिसरा गोल तर मुलखाचा जिव्हारी लागणारा: अन्वर अलीचा फटका आडव्या दांडीला लागून परत आला आणि त्याच चेंडूवर अमेरिकेने पलटवार करून गोल केला. 9 तारखेला कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने 82 व्या मिनिटाला हेडर मारला. भारताचा विश्वचषकातला हा पहिलावहिला गोल. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल करून सामना नेला. भीतीने पाय जड होतात, तसे आनंदाने डोळे झाकतात. 12 तारखेला घानाने 4-0 असं धुतलं. तीन सामने, तीन पराभव, घरच्या प्रेक्षकांसमोर.

आता यापुढचं महत्त्वाचं. एरवी आपल्याकडे काय होतं? सत्कार, शाल, नारळ, आणि मुलं आपापल्या गावी. फुटबॉल महासंघाने या वेळी तसं होऊ दिलं नाही. त्याच पोरांचा ‘इंडियन अ‍ॅरोज’ नावाचा संघ करून त्यांना थेट आय-लीगमध्ये, मोठ्या माणसांच्या क्लबांसमोर उतरवलं. पहिला सामना 29 नोव्हेंबरला गोव्यात बांबोळीला, चेन्नई सिटीविरुद्ध. म्हणजे घानाच्या पराभवानंतर दोन महिनेही झाले नव्हते. अ‍ॅरोज 3-0 जिंकले. त्यातले दोन गोल अनिकेत जाधवचे.

तेवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनमधल्या कोतिफ स्पर्धेत हीच पिढी 20 वर्षांखालील संघातून मुर्सियाकडून 0-2, मॉरिटानियाकडून 0-3 हरली, व्हेनेझुएलाशी 0-0 बरोबरीत राहिली आणि मग चक्क अर्जेंटिनाला 2-1 हरवून आली. त्या सामन्यात अनिकेतला दुसऱ्या सत्रात लाल कार्ड मिळालं आणि संघ दहा जणांवर आला. विजयी गोल फ्री-किकवर मारला तो अन्वर अलीने, दिल्लीत दांडीला चेंडू लागलेल्या त्याच पोराने. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी चार वर्षांनी मेस्सीच्या संघाला विश्वचषक जिंकून दिला.

या मुलांचा धीर भाषणांनी परत आला, असं मला वाटत नाही. भाषणं त्यांना मिळालीच असतील. पण त्यांना सामने मिळाले, एकामागून एक, आणि आधीचा डाग पुढच्या सामन्याच्या घामात धुतला गेला.

आखाड्यात रोज हरणारे

हरल्यावर लगेच पुन्हा उतरणं बडोद्याला नवीन नाही. लहरीपुऱ्याहून दांडिया बाजारकडे चालत निघालं की जुम्मादादा व्यायाम मंदिराचा परिसर लागतो. उस्ताद जुम्मादादांचा 1880 सालचा आखाडा, पुढे त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी नावारूपाला आणला. मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी याच शहरातून काढले. शरीर कमावण्याच्या शास्त्रात हे गाव कुणाला हार जाणारं नव्हतं.

कुस्तीच्या तालमीत नवं पोर आलं की त्याला वस्ताद थोराड पैलवानाबरोबर जोर करायला लावतो. पोर पहिल्या दिवशी दहा वेळा पाठीवर पडतं, दुसऱ्या दिवशीही पडतं. पडण्याची बातमी होत नाही, कारण ते रोजचंच. महिन्याभराने ते आठ वेळा पडतं, आणि ती मात्र बातमी होते. फडात उतरेपर्यंत पडण्याची भीती निम्मी विरलेली असते. या व्यवस्थेत क्रीडा मानसशास्त्र हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण काम तेच चाललेलं होतं.

शब्दात सांगणारा माणूस मराठीला पुढे मिळाला. नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी. निवृत्तीनंतर योगाच्या आधाराने नेमबाज, धावपटू, क्रिकेटपटू यांच्या मनाची मशागत करणारे. ‘मार्ग यशाचा’ हे त्यांचं पुस्तक अनेक घरांत असेल. 2017 मध्ये ते गेले. श्वास, एकाग्रता, आणि निकालाऐवजी हातातल्या कृतीवर मन ठेवणं, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. पोरांना ‘घाबरू नको’ सांगणाऱ्या पालकांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, की ‘घाबरू नको’ ही कृती नाही. ती करायची कशी, हे मुलाला कळत नाही. ‘श्वास सोडताना चार मोज’ ही कृती आहे.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. 1996 च्या युरो उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या गॅरेथ साउथगेटची जर्मनीविरुद्धची पेनल्टी हुकली. योर्डेट यांच्याच अभ्यासात दिसलं होतं, की शिट्टी वाजताच घाईने चेंडू मारणारे खेळाडू जास्त हुकतात. टांगणीला लागलेला माणूस ‘एकदाचं संपू दे’ म्हणून मारतो. साउथगेट पुढे प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांनी संघाकडून पेनल्टीचा पद्धतशीर सराव करून घेतला, सावकाश मारायला शिकवलं, आणि 2018 च्या विश्वचषकात इंग्लंड कोलंबियाविरुद्ध पेनल्टींवर जिंकलं. 2021 च्या युरो अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या बुकायो साकाची पेनल्टी अडवली गेली. त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. त्याच साकाने 2024 मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध बरोबरीचा गोल केला आणि शूटआउटमध्येही चेंडू जाळ्यात घातला. मधल्या तीन वर्षांत तो आर्सेनलसाठी जवळजवळ दर आठवड्याला खेळत होता, हे विसरू नये.

बडोद्याचं दुखणं

इथे येऊन मुद्दा टोचतो. लहरीपुऱ्याच्या त्या मुलाला मी विचारलं, पुढची मॅच कधी? तो माझ्याकडे बघतच राहिला. “आता पुढच्या वर्षी,” म्हणाला.

शालेय फुटबॉलच्या स्पर्धा आपल्याकडे बहुतांशी बाद पद्धतीच्या असतात. हरलात की घरी. गुजरातमध्ये 2010 पासून खेल महाकुंभ होतो, शाळा-शाळांत सुब्रतो कपची तयारी चालते, हौशी मंडळांच्या रविवारच्या स्पर्धा असतात. पण कच्च्या संघातल्या मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी खरे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात. पावसाळ्यात मैदानात चिखल, नवरात्रात नवलखीसारखं मोठं मैदान गरब्याला, मग परीक्षा. अशा वर्षात एक तोकडा पास पुढचे कितीतरी महिने छातीवर बसून राहतो. त्याला हलवायला दुसरा पास मिळतच नाही.

त्यात बाद पद्धतीमुळे प्रत्येक सामना ‘शेवटचा’ असतो. पंधरा वर्षांच्या पोराला आपण दर वेळी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं दडपण देतो, आणि मग तो घाबरट निघाला म्हणतो. माझ्या मते यातला निम्मा दोष वेळापत्रकाचा आहे.

सरांनी त्यांच्या परीने यावर तोड काढली आहे. सरावाच्या शेवटी ते चार-चारचे संघ करतात. गल्लीतला नियम असा, की जिंकेल तो मैदानावर राहील आणि हरलेला बाहेर बसेल. सरांनी तो उलटा केला: हरलेला संघ लगेच पुन्हा खेळतो, जिंकलेला पाणी प्यायला जातो. “ज्याला खेळायची गरज आहे त्याला बाहेर कशाला बसवू?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला मुलांना हे अन्यायाचं वाटलं, आता सवय झाली आहे.

चूक करून आलेल्या खेळाडूला ते एकच काम देतात. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं. मागे उभा असलेला मुलगा हाताची बोटं वर करतो, किती ते ओरडून सांगायचं आणि मगच पास घ्यायचा. “तीन!” “पाच!” असं ओरडत असताना पोराला स्वतःच्या पायाकडे बघायला फुरसत राहत नाही. पहिले पाच-सहा पास मुद्दाम जवळचे, सोपे. आणि सामना संपल्यावर त्या संध्याकाळी चुकीवर बोलणं बंद. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, मैदानावर, शंकू मांडून. पालकांनाही त्यांनी हेच सांगून ठेवलं आहे. पालक किती पाळतात हा भाग वेगळा.

पण चार-चारचा सराव म्हणजे सामना नव्हे. समोर अनोळखी संघ, शिट्टी वाजवणारा परका पंच, कडेला आरडाओरडा, हे सगळं असल्याशिवाय पाय पुन्हा हलके झाले की नाही ते कळत नाही.

बडोद्यात मराठी मंडळं आहेत, व्यायामशाळा आहेत, शाळांचे माजी विद्यार्थी संघ आहेत. वर्षातून एकदा मुलांची फुटबॉल स्पर्धा घ्यायची हौस यातल्या कित्येकांना असते. त्यांना एक विनंती. आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा सात सामन्यांत संपते आणि त्यातले चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. त्याच आठ संघांची साखळी घेतली तर अठ्ठावीस सामने होतात आणि सगळ्यात कच्च्या संघालाही सात सामने मिळतात. त्यासाठी आठ-दहा रविवार, पंचांचं मानधन आणि मैदानाचं भाडं लागेल. पैसे कमी पडत असतील तर ट्रॉफी लहान आणा, व्यासपीठ आणि पाहुणे रद्द करा, पण या वर्षी स्पर्धा साखळीच ठेवा.